झिऱ्याच्या कवितेची चाल

देऊळगाव राजा
२० नोव्हेंबर १९३४

चिरंजीव लक्ष्मीकांतराव यांसी नीळकंठ याचे आशीर्वाद.

शकूला जाऊन वर्ष झालं. विधी तुम्ही तिकडे केलेच असतील. इकडे तुमच्या मामींनी तिच्या नावानं सवाष्ण जेवू घातली. दिवाळीला याल म्हणून त्यांनी अनारसे केले होते. तुम्ही आला नाहीत, म्हणून ते मलाच संपवावे लागले. सासऱ्याच्या पोटाचा विचार करून तरी जावयानं सणावारी यावं.

आता मुद्द्याचं. शरयूला पाचवं सरलं. आई गेल्यापासून ती आमच्यापाशी आहे आणि वर्षभरात तिनं बापाचं तोंड पाहिलेलं नाही. आम्ही दोघं पिकली पानं. मामींना हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही. माझा धाकटा भाऊ शालिग्राम नागपूरला असतो, हे तुम्ही जाणताच. त्याला मूलबाळ नाही. तो म्हणतो, पोरगी मला द्या, मी लेकीसारखी वाढवतो. वैशाखात येऊन घेऊन जाईन म्हणतो. माणूस सोन्यासारखा आहे, त्यात शंका नाही. पण मुलीचे वडील तुम्ही आहात. तुमच्या शब्दावाचून मी तिला दारातून पाऊल टाकू देणार नाही.

सोबत जुन्या मासिकांचा बांधीव गठ्ठा पाठवतो. त्यात 'राखलेली ओळ' नावाची गोष्ट आहे. वाचून मत कळवा. तुम्ही शकूला पाहायला आलात तेव्हा पोहे निवेपर्यंत माझ्याशी कवितेवर भांडत बसला होतात, आणि अडलेली ओळ दाराआडून तिनंच सांगितली होती. तसं भांडायला आता इथे कोणी नाही.

नीळकंठ

संग्रामपूर
८ डिसेंबर १९३४

तीर्थरूप मामांच्या पायांशी लक्ष्मीकांतचा नमस्कार.

शालिग्रामकाकांच्या घरी शरयूचं भलंच होईल. माझी संमती आहे.

एक विनंती मात्र करतो, रागावू नका. यापुढे पत्रात तिच्याविषयी लिहू नये. ती हुबेहूब शकूसारखी दिसते, असं सगळे म्हणतात. तसंच हसते, तशीच मान कलती करते. मला ते वाचवत नाही, मग पाहवेल कसं? तुम्ही कवितेवर लिहा, गोष्टींवर लिहा. तेवढा आधार मला पुरे आहे.

'राखलेली ओळ' वाचली आणि पुस्तक मिटून शाळेच्या ओट्यावर तसाच बसून राहिलो. काय गोष्ट आहे, मामा! शेतकऱ्याची बायको सरत्याच्या नळीतून दाणे सोडत धुऱ्याजवळची, बांधालगतची शेवटची ओळ पेरते आणि पीक उभं राहण्याआधीच जाते. सुगीत तो सगळी जवारी कापतो, तिच्या हातची ती एक ओळ तेवढी सोडतो. आणि शेवटचं वाक्य दोनच शब्दांचं, 'पाखरं आली.' साऱ्या गोष्टीत 'दुःख' हा शब्द नाही, 'आठवण' नाही, डोळ्यांत पाणी नाही. एखादा कच्चा लेखक असता तर त्यानं तिथे आसवांचा पूर आणला असता. या माणसानं पाखरं आणली. किती मोठा हात हा! आणि तो शेतकरी त्या ओळीकडे पाठ फिरवून निघून जातो, हे मला सर्वांत खरं वाटलं.

शेजारच्या पुंजाजींना वाचून दाखवली. त्यांची स्वतःची चांगली मोठी शेती आहे. ते म्हणाले, "दाना पाखराइले देल्ला त वाया नाही गेला, मास्तर. पन तो मानूस बोलत काऊन नाही कोनासंग?" 

आपला
लक्ष्मीकांत

देऊळगाव राजा
२ जानेवारी १९३५

चि. लक्ष्मीकांतराव, आशीर्वाद.

तुमचा होकार शालिग्रामला कळवला. मामींना सांगितला तेव्हा त्या भाजी चिरत होत्या. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि चिरलेली भाजी पुन्हा चिरत बसल्या. ज्या विषयावर लिहू नका म्हणालात त्यावर आता माझ्याकडून अक्षर येणार नाही. तहसिलीत जन्मभर कारकुनी केली आहे, साहेबाचा हुकूम पाळायची सवय आहे.

पण गोष्टीवर बोलायची मुभा दिलीत, तर ऐका. तुम्ही ती चुकीची वाचलीत. तो शेतकरी पाठ फिरवून जातो, असं कुठे लिहिलं आहे? पान काढा. कापणीच्या आधीच्या परिच्छेदात एक साधं वाक्य आहे, तो रोज सांजच्याला धुऱ्यावर येऊन बसे. रोज, लक्ष्मीकांतराव! तिच्या हातचं पेरलेलं गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, निसवलं, ते सगळं त्यानं डोळ्यांनी पाहिलं. म्हणून शेवटी त्याला ते पाखरांना देता आलं. न पाहता देऊन टाकलं असतं, तर ती गोष्ट झाली नसती. नुसता टाकून दिलेला तुकडा झाला असता. लेखकाची करामत अशी, की त्यानं हे वाक्य इतक्या साधेपणानं ठेवलं आहे की तुमच्यासारखा जाणता वाचकही त्यावरून घसरून गेला.

मी गोष्टीबद्दलच बोलतो आहे. गैरसमज नसावा.

नीळकंठ

संग्रामपूर
१० फेब्रुवारी १९३५

तीर्थरूप मामा, नमस्कार.

पान काढून पाहिलं. वाक्य आहे. माझीच चूक. उत्तराला उशीर झाला, कारण त्या वाक्यानंतर मला बरेच दिवस काही लिहावंसं वाटलं नाही.

आता एका अडचणीत सापडलो आहे. तुम्ही पाठवलेल्या गठ्ठ्यात 'झिरा' ही कविता निघाली. पान उलटलं आणि समोर ती. शकू ही नेहमी म्हणायची. कवीचं नावही खाली छापलेलं नाही.

'नदी गेली दूर देशी, मागे वाळूच उरली;
वाळू उकरली हाते, आत नदीच भेटली.'

आमच्याकडे उन्हाळ्यात बायका कोरड्या पात्रात झिरे उकरतात, तेव्हा त्या खड्ड्यातलं पाणी मी जन्मभर पाहत आलो. पण ती गेलेली नदीच आहे, हे या कवीनं सांगेपर्यंत मला कळलं नव्हतं. बघा, कविता उन्हाळ्याची आहे, नदीची आहे, वाळूची आहे. प्रेमाचं नाव नाही, मरणाचं नाव नाही. तरी ज्याचं कोणी गेलं आहे त्याला ती ओळखते. निसर्गावर लिहिणारे पुष्कळ आहेत, पण वाळू हातानं उकरायला लावणारा हा एकच.

मोहात पडून ती चौथीच्या वर्गाला शिकवायला घेतली. तुम्ही जाणता, चाल लावल्याशिवाय आमच्या मुलांना कविता येत नाही. मी तोंड उघडलं आणि मामा, मला चाल आठवेना. शकूनं स्वतः बसवलेली चाल, स्वयंपाक करताना, वेणी घालताना रोज ऐकलेली! तिचा आवाज आठवतो, चाल आठवत नाही. मी अडलेला पाहून पोरांनी आपल्याच मनानं लेझमीची चाल लावली आणि पाय आपटत म्हणू लागली. मी वर्ग सोडून दिला.

शब्द छापलेले आहेत म्हणून राहिले. चाल कुठेच छापलेली नाही. तिचं एवढंही माझ्यापाशी राहू नये, याची मला भीती वाटते. मामींना ती चाल येते का? येत असेल तर कोणा जाणत्याकडून सूर लिहवून पाठवाल का? मी मिनतवारी करतो.

लक्ष्मीकांत

देऊळगाव राजा
२८ फेब्रुवारी १९३५

चि. लक्ष्मीकांतराव, आशीर्वाद.

तुमचं पत्र मामींना वाचून दाखवताना मला मध्येच चष्मा पुसावा लागला. 'झिरा'वर तुम्ही लिहिलंत ते कवीनं वाचलं असतं, तर त्यानं नाव छापायला दिलं असतं.

चाल जाणणारं माणूस आमच्या घरात निघालं. कोण, ते विचारू नका. मी मात्र नव्हे. मी सूर लावला की वाड्यातलं मांजर उठून जातं. बालाजीच्या देवळात पेटी वाजवणारे इंद्रभान यांना घरी बोलावलं. त्यांनी पेटीवर सूर काढून सोबतच्या कागदावर उतरून दिले आहेत. बैठक फार गमतीची झाली. गाणारं माणूस पेटी पाहून आधी लाजलं, मग शेंगदाण्याचा लाडू मिळाल्यावर गायलं, आणि इंद्रभानांनी एक सूर चुकवताच त्यांना रागे भरलं. "असं नाही, पुन्हा वाजवा," म्हणालं. इंद्रभान म्हणतात, इतका कडक उस्ताद त्यांना अजून भेटला नव्हता.

कागद सांभाळा.

नीळकंठ

संग्रामपूर
२४ मार्च १९३५

तीर्थरूप मामा, नमस्कार.

मामींना माझा साष्टांग नमस्कार सांगा. त्यांना लाजताना आणि रागे भरताना डोळ्यांपुढे आणून फार दिवसांनी हसलो. लाडवाची लाच मात्र तुम्ही सासूबाईंना द्यायला नको होती.

पण काम झालं नाही, मामा. गावात भजनी मंडळाची एक पेटी आहे, ती पंजाबराव वाजवतात. कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सुरामागून सूर बरोबर वाजवले, मी कानांत प्राण आणून ऐकलं. ती शकूची चाल नव्हती. सूर तेच असतील, पण ओळी एकामागून एक धावत सुटल्या आणि काकड आरतीसारखं काहीतरी ऐकू आलं. "मास्तर, मानसाचं गानं कागदावर बसत नाही," असं म्हणून पंजाबरावांनी भाता मिटला. "जिले येते तिच्या तोंडूनच आयका."

मामींना पुन्हा एकदा विचारून पाहाल का? कुठेतरी थांबायचं राहिलं असेल, कुठेतरी लांबवायचं. मी पुन्हा पुन्हा त्रास देतो, पण शाळा सुटल्यावर मला दुसरं काही सुचत नाही.

लक्ष्मीकांत

देऊळगाव राजा
९ एप्रिल १९३५

लक्ष्मीकांतराव,

आज हुकूम मोडतो. मोडणार आहे हे आधीच सांगतो, म्हणजे नको असेल तर इथेच पत्र मिटून ठेवा.

मामींना गाणं येत नाही. उभ्या जन्मात त्यांनी अंगाईसुद्धा धड म्हटली नाही. गाणारी शरयू आहे. शकू इथे माहेरी विषमज्वरानं अंथरुणाला खिळली तेव्हा ही तिच्या उशाशी बसून असे, आणि आई म्हणेल तसं म्हणत असे. आम्हाला वाटलं, पोर आईचं मन रमवते आहे. आई तिला चाल देत होती, हे आम्हाला तुमच्या पत्रानंतर कळलं. मी सहज विचारलं, "झिऱ्याची कविता येते का गं कोणाला?" तर अंगणातून भातुकली टाकून ही आली आणि उभ्या उभ्या सगळी म्हणून दाखवली. मामी चुलीपुढे होत्या. पोळी करपली, कोणाच्या लक्षात आलं नाही.

शब्दांचा अर्थ तिला कळतो की नाही, देव जाणे. पण ती म्हणते तेव्हा शकू माजघरात आहे असं वाटतं. तुम्ही यालाच भीत होतात ना? मीही भीत होतो. आता रोज संध्याकाळी मी स्वतःहून म्हणायला लावतो.

पंजाबराव म्हणाले ते खरं आहे. चाल टपालानं येत नाही. ऐकायची असेल तर तुम्हाला यावं लागेल. शालिग्राम अक्षय्यतृतीया झाली की येतो आहे. त्यानंतर ती नागपूरला ऐकू येईल. काल गोजरबाई दूध घालायला आली तेव्हा म्हणाली, "आबा, पोरगी नागपूरले चालली म्हन्ते. काऊन बरं? बाप हाय ना तिले?" याचं उत्तर तुमच्याकडे आहे.

मी तुम्हाला बळजबरी करत नाही. पण त्या गोष्टीतला माणूस रोज धुऱ्यावर येऊन बसत होता, हे विसरू नका.

नीळकंठ

संग्रामपूर
१६ जून १९३५

तीर्थरूप मामा आणि मामी, दोघांच्या पायांशी नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. मलकापूरपर्यंत मोटारीत शरयू माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आगगाडीत खिडकीची जागा मिळाल्यावर बोलायला लागली, ती शेगावला उतरेपर्यंत थांबलीच नाही. पुढे रेंगीत बसल्यावर पुंजाजींच्या बैलांची नावं विचारून घेतली. आता घरात तिचाच हुकूम चालतो. शालिग्रामकाकांना मी वेगळं पत्र घातलं आहे. त्यांना रिकाम्या हातांनी परत जावं लागलं याचं मला फार वाईट वाटतं. तरी जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. दिवाळीत ती त्यांच्याकडे राहायला जाईल असा शब्द मी दिला आहे.

तुम्हाला एक गोष्ट तिथे सांगता आली नाही, म्हणून आता लिहितो.

मी आलो तेव्हा पोर मामींच्या पदराआड दडली ती दडलीच. तुम्ही लाडू दाखवला, मामींनी दटावलं, पण ती माझ्यापुढे गायला तयार होईना. मला ते योग्यच वाटलं. दीड वर्ष तोंड न दाखवलेल्या बापाला तिनं आईचं गाणं का द्यावं? मी नुसता राहिलो. सकाळी ओसरीवर बसून तिला खेळताना पाहायचं, एवढंच काम. हसणं शकूचं आहे, मान कलती करणं शकूचं आहे. पहिल्या दिवशी मला ते सोसवेना आणि मी उठून बाजारात गेलो. मग हळूहळू दिसायला लागलं की भुवया माझ्या आहेत, आणि हट्टीपणा नक्कीच तुमचा.

एका सकाळी गोजरबाई आमना नदीवर पाण्याला निघाली तेव्हा ही तिच्यामागे गेली, आणि मी हिच्यामागे. पात्र कोरडं ठणठणीत. बायकांचे झिरे ठिकठिकाणी उकरलेले. हिनंही आपला वेगळा झिरा उकरायला घेतला. मी शेजारी बसून हात घातला. तशी म्हणाली, "तुम्ही नका. पाणी गढूळ होते. उकरलं की हात काढून घ्यायचा. मग ते आपोआप येते." मी हात काढून घेतला. ती दोन्ही हातांनी वाळू बाजूला सारत राहिली आणि सारता सारता, मी तिथे आहे हे विसरून, म्हणायला लागली.

'वाळू उकरली हाते' इथे ती थांबली, मामा. पार थांबली. मला वाटलं, विसरली. खड्ड्यात वाकून पाहत बसली, आणि तळाशी पाणी चकाकलं तेव्हा हळूच म्हणाली, 'आत नदीच भेटली.' शकू तव्यावरची पोळी उलटेपर्यंत तिथेच थांबायची, ते त्या क्षणी आठवलं. इंद्रभानांचे सूर सगळे बरोबर होते. तो थांबा मात्र पेटीवर वाजत नाही, म्हणून कागदावर उतरला नाही. चौथीच्या पोरांना मी तो अर्थ महिनाभर शिकवला असता तरी सांगता आला नसता. पाणी यायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ वाट पाहायची असते. कवीनं ते शब्दांत लिहिलं नाही, शकूनं ते चालीत ठेवलं. एवढा मोठा रसिक माझ्या घरात स्वयंपाक करत होता.

मी तिथे वाळूत बसून मोठ्यानं रडलो. गोजरबाई घागर भरायची थांबली आणि शरयूला म्हणाली, "रडू दे माय, वरीसभर दाबून ठेवलं त्यानं." शरयूनं झिऱ्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. म्हणाली, "घ्या, निवळलं आता."

शाळा पुढच्या आठवड्यात उघडते. 'झिरा' पुन्हा शिकवणार आहे. चाल सांगायला उस्ताद येणार आहेत. त्यांनी लाडवाची अट घातली आहे.

आपला
लक्ष्मीकांत

देऊळगाव राजा
३० जून १९३५

चि. लक्ष्मीकांतराव आणि चि. शरयू, दोघांना पोटभर आशीर्वाद.

तुमचं पत्र मामींनी माझ्याकडून रोज वाचून घेतलं. ओंजळीपाशी आलं की त्या म्हणतात, "थांबा जरा." मी थांबतो. थांबायचं कुठे, हे आता या घरात सगळ्यांना कळतं.

शालिग्रामचं पत्र आलं. दिवाळीसाठी त्यानं आत्ताच परकराचं कापड घेऊन ठेवलं आहे.

इकडचं खरं लिहू का? भातुकली फळीवर ठेवून दिली आहे. मांजर पायांत घोटाळत नाही, ते अंगणात जाऊन बसतं. संध्याकाळी दिवा लावल्यावर आम्ही दोघं सवयीनं गप्प बसतो, आणि मग लक्षात येतं की आता कोणी म्हणणार नाही. काल मामी म्हणाल्या, "अहो, ती चाल कशी होती?" मी शब्द म्हटले. त्या म्हणाल्या, "ते नाही. चाल." मी प्रयत्न केला. मांजर अंगणातूनही उठून गेलं. मामींनीही जन्मात पहिल्यांदा सूर लावून पाहिला. लागला नाही. मग इंद्रभानांचा कागद काढला आणि तसाच घडी करून ठेवला.

शकूची चाल या घरातून गेली आणि जिथे जायची तिथेच गेली, हे मला पटतं. मामींनाही पटतं. पण चाल टपालानं येत नाही, हे लिहिणाराही मीच होतो, तेव्हा आता तक्रार कोणाकडे करणार? ऐकायची असेल तर आम्हालाच यायला हवं.

नागपंचमीच्या आधी निघतो. मामी लाडू बांधायला बसल्या आहेत. शेगाव टेसनावर पुंजाजींची रेंगी पाठवा, आणि उस्तादांना सांगा की दोन शिष्य येत आहेत, म्हातारे आहेत, थांबायला मात्र शिकले आहेत.

नीळकंठ